अस्मिता : एका क्लेशाचं मुलीचं नाव कसं झालं?

गोव्यातल्या कुठल्याही हायस्कूलचं 1980च्या आसपासचं हजेरीपुस्तक उघडून पाहा. सुनीता, संगीता, अनिता, कविता, नम्रता, स्मिता अशी 'ता'कारान्त मुलींची रांगच्या रांग लागलेली दिसेल, आणि त्यात एखादी तरी अस्मिता सापडेलच. माझ्याच ओळखीत चार अस्मिता आहेत. एक बँकेत, एक शिक्षिका, एक दुबईला आणि एक चक्क माझी भाची. पण याच गावांतली 1940च्या आसपासची हजेरीपुस्तकं पाहिली तर? रुक्मिणी, सत्यभामा, शेवंती, आनंदी, शांता, सुंदरी. अस्मिता नाहीच. माझ्या आजीला हे नाव कुणी सांगितलं असतं तर तिने पहिल्यांदा विचारलं असतं, "हें खंयच्या देवीचें नांव गो?"

ते कुठल्याच देवीचं नाव नाही. नदीचं नाही, फुलाचं नाही, पुराणातल्या कुठल्या राजकन्येचंही नाही. मग हे नाव आलं कुठून? त्याचा शोध घेताना मला फार गंमत वाटली आणि पुढे थोडं अस्वस्थही व्हायला झालं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. पहिला गैरसमज असा की 'स्मिता' म्हणजे हसरी, म्हणून 'अस्मिता' म्हणजे न हसणारी, तोंड पाडून बसणारी. शाळेत अस्मिता नावाच्या मुलींना या विनोदावरून किती छळलं जातं हे त्यांनाच विचारा! पण दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'स्मिता' हे 'स्मि' म्हणजे मंद हसणे या धातूपासून झालं. 'अस्मिता'मधला 'अ' नकाराचा नाही, तो मूळ शब्दाचाच आहे. दुसरा गैरसमज लेखनातला. काही जण 'अश्मिता' असं लिहितात. 'अश्म' म्हणजे दगड. तेव्हा बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव घालताना बापाने जरा सांभाळून लिहिलेलं बरं.

आता खरी व्युत्पत्ती. संस्कृतात 'अस्' म्हणजे असणे. त्याचं वर्तमानकाळातलं प्रथमपुरुषी एकवचनी रूप 'अस्मि', म्हणजे 'मी आहे'. बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रसिद्ध महावाक्याचा शेवट याच 'अस्मि'ने होतो, त्यामुळे तो आपल्या कानाला ओळखीचा आहे. या 'अस्मि'ला भाववाचक 'ता' प्रत्यय लावला की झाली अस्मिता. म्हणजे 'मी-आहे-पणा'. संस्कृतातही ही जरा जगावेगळीच घडण म्हणायला हवी. 'ता' हा प्रत्यय सहसा नामाला किंवा विशेषणाला लागतो. नम्र-नम्रता, एक-एकता, कवि-कविता. इथे तो थेट चालत्या-बोलत्या क्रियापदाच्या रूपाला लागला आहे. 'अस्ति'वरून 'अस्तित्व' झालं, तसंच हे. पण अस्तित्व दगडालाही असतं. अस्मिता मात्र ज्याला 'मी' म्हणता येतं त्यालाच असते.

साध्या मराठीत याला आपण काय म्हणतो? मीपणा! आता मला सांगा, कुणी आपल्या मुलीचं नाव 'मीपणा' ठेवील का? संतांनी सातशे वर्षं ज्याच्यावर कोरडे ओढले, कीर्तनकारांनी ज्याला टाकून द्या म्हणून घसा कोरडा केला, तो हा मीपणा. संस्कृत वस्त्रं नेसून तो पाळण्यात आला आणि आपण त्याला कौतुकाने जोजवलं.

शास्त्रात या शब्दाची पत काय होती तेही पाहायला हवं. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात माणसाला पीडा देणारे पाच क्लेश सांगितले आहेत. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. होय, दुसऱ्या क्रमांकावर आपली अस्मिताच आहे! राग आणि द्वेष तिच्याही नंतर येतात. (इथे राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती.) पतंजली पुढे तिची व्याख्याही करतो. पाहणारा वेगळा आणि ज्याच्या योगे पाहायचं ते साधन वेगळं. ही दोन्ही एकच आहेत असं वाटू लागणं, म्हणजे अस्मिता. चष्मा डोळ्यांवर इतका रुळावा की चष्मा म्हणजेच मी असं वाटू लागावं, तसं काहीसं. ही व्याख्या लक्षात ठेवा, पुढे गोव्यात आलो की तिची गरज लागणार आहे.

पतंजलीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की त्याने अस्मिता सरसकट वाईट ठरवलेली नाही. पहिल्या पादात समाधीच्या पायऱ्या सांगताना वितर्क, विचार आणि आनंद यांच्यानंतर सर्वात सूक्ष्म पायरी म्हणून अस्मितेचाच उल्लेख येतो. म्हणजे इतर सगळं गळून पडल्यावरही 'मी आहे' एवढी जाणीव शिल्लक राहते. पण तीही वाटेवरची पायरी आहे, मुक्काम नव्हे.

बौद्धांकडेही याचं भावंड आहे. पाली भाषेत त्याला 'अस्मिमान' म्हणतात. संयुत्त निकायात खेमक नावाच्या आजारी भिक्खूची एक सुंदर गोष्ट आहे. तो सांगतो की देह म्हणजे मी, मन म्हणजे मी असं आता मला वाटत नाही, तरी 'मी आहे' हा भाव अजून पूर्ण गेलेला नाही. हे कसं, हे समजावताना तो परटाकडून धुऊन आलेल्या वस्त्राचा दाखला देतो. मळ गेलेला असतो, पण खाराचा वास मागे रेंगाळतो. ते वस्त्र सुगंधी पेटीत ठेवलं की हळूहळू तो वासही जातो. 'मी आहे' हा वास घालवणं हेच शेवटचं काम.

म्हणजे वैदिक परंपरा घ्या की बौद्ध, हा शब्द शेकडो वर्षं घालवून देण्याच्या वस्तूंच्या यादीत होता. मग पारडं फिरलं कुठे?

ते फिरलं गुजरातेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नर्मदने 1873मध्येच गुजरातचा जयजयकार गाऊन ठेवला होता. त्यानंतर रणजितराम वावाभाई मेहता (1881-1917) यांनी 1905मध्ये गुजराती साहित्य परिषद उभी केली. भाषा, साहित्य, लोककथा, इतिहास या सगळ्यांतून एका समाजाला स्वतःचं भान यावं, हा त्यांचा ध्यास. 'गुजरातनी अस्मिता' हे शब्द रणजितरामांच्या नावाशी जोडले गेले आणि घराघरांत पोचवले ते कन्हैयालाल माणेकलाल मुनशी यांनी. मुनशी भरूचचे, शिक्षण वडोदरा कॉलेजात. तिथे अरविंद घोष त्यांचे प्राध्यापक होते. पुढे ते मुंबईत वकील झाले, मंत्री झाले, 1938मध्ये त्यांनी भारतीय विद्या भवन काढलं. पण गुजराती माणसाच्या मनात ते बसले ते कादंबऱ्यांमुळे. 1916मध्ये आलेली 'पाटणनी प्रभुता' आणि पाठोपाठची 'गुजरातनो नाथ' यांनी सोळंकी राजांचं पाटण पुन्हा उभं केलं.

योगशास्त्रातला क्लेश इथे समाजाचा अलंकार झाला. असं का झालं असावं? माझा तर्क असा. एकटा योगी गुहेत बसून 'मी' विसरायला निघतो तेव्हा त्याच्याजवळ 'मी' भरपूर असतो. पारतंत्र्यात पिचलेल्या समाजाजवळ तो नसतोच. त्याला आधी 'मी आहे' असं म्हणायला शिकावं लागतं. अहंकार हा शब्द बदनाम झालेला, अभिमान थोडा फुगलेला, गर्व तर आणखीनच वाईट. अस्मिता मात्र शास्त्रग्रंथात पडून राहिलेली, बाजारात न मळलेली. म्हणून ती उचलली गेली. आज गुजराती वृत्तवाहिनीच्या नावातही तीच मिरवते.

तिथून हा शब्द मराठीत रुळायला वेळ लागला नाही. मुंबई दोघांची होती. गुजराती आणि मराठी छापखाने, नाटकं, सभा एकाच शहरात चालत. त्याआधी मराठीत या अर्थाने 'स्वत्व', 'स्वाभिमान', 'मराठी बाणा' हे शब्द चालत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात आणि 1 मे 1960ला महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्यं वेगळी झाल्यानंतर 'मराठी अस्मिता' हा जोडशब्द असा काही रूढ झाला की जणू ज्ञानेश्वरांपासून तो तसाच चालत आला असावा. गंमत पाहा, एकाच दिवशी वेगळ्या झालेल्या दोन भावांनी आपापल्या वेगळेपणासाठी शब्द मात्र एकच वापरला.

आता तो शब्द पाळण्यात कसा गेला ते पाहू. यात व्याकरणाचा वाटा मोठा आहे. 'ता' प्रत्ययान्त शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी. अभिमान पुल्लिंगी, म्हणून तो मुलीचं नाव होऊ शकला नाही. अस्मिता जन्मतःच स्त्रीलिंगी. त्यातून विसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्याकडे नावांची हवाच पालटली होती. देवी, नद्या, फुलं यांची जागा भाववाचक नामं घेऊ लागली. कल्पना, प्रतिभा, भावना, साधना, वंदना, अर्चना, प्रेरणा आणि मग नम्रता, ममता, एकता. मुली शाळेत जाऊ लागल्या, आईबाप कादंबऱ्या आणि मासिकं वाचू लागले, बंगालीतून अनुवाद येऊ लागले. मामा वरेरकरांनी शरद्बाबू मराठीत आणले ते याच ओघात. नाव देवाचं असावं म्हणजे हाक मारताना आपोआप नामस्मरण घडतं, हा जुना हिशोब होता. नवा हिशोब असा की नाव ऐकताच घरातलं वाचन कळलं पाहिजे! अस्मिता या नावाला दोन्ही गोष्टी साधल्या. अर्थ भारदस्त, उच्चार सोपा आणि 'स्मिता'सारखं कानाला गोड. स्मिता पाटीलचे चित्रपट गाजत होते त्या वर्षांत तर 'स्मिता' आणि 'अस्मिता' या सख्ख्या बहिणींसारख्या वर्गावर्गांत बसलेल्या असत.

हे नाव मराठी-गुजरातीपुरतंही राहिलं नाही. बंगाल, आसाम, नेपाळ इथे ते सर्रास आढळतं. आसामची बॅडमिंटनपटू अस्मिता चालिहा तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. दिल्लीत अरविंद गौड यांनी 1993मध्ये काढलेल्या नाट्यसंस्थेचं नाव अस्मिता. 2014मध्ये झी मराठीवर गुप्तहेर बाईची मालिका आली तिचंही नाव 'अस्मिता'. 2018मध्ये महाराष्ट्र सरकारने ग्रामीण मुलींना स्वस्तात सॅनिटरी पॅड देण्याची योजना काढली, ती 'अस्मिता योजना'. नाट्यसंस्थेची गोष्ट सोडली तर बाकी सगळीकडे बाईच. भाववाचक नाम हळूहळू बाईचं रूप घेत गेलं.

या प्रवासात एक थांबा असा आहे की तिथे क्षणभर थबकावंसं वाटतं. 1960च्या दशकाच्या शेवटी औरंगाबादेतून (आताचं छत्रपती संभाजीनगर) डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक सुरू केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं होतं आणि शिकलेल्या दलित तरुणांची पहिली मोठी फळी तिथून बाहेर पडत होती. त्यांचं लेखन छापणारं, त्यांना लेखक म्हणून उभं करणारं हे व्यासपीठ. अस्मितादर्श, म्हणजे अस्मितेचा आरसा. पानतावणे 2018मध्ये गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती.

आता वर सांगितलेल्या खेमकाची आठवण करा. बुद्धाचा मार्ग 'मी आहे' हा वास घालवायला सांगतो. आणि 1956मध्ये त्याच बुद्धाला शरण गेलेल्या समाजातले लेखक आपल्या आरशाला अस्मिता हे नाव देतात! हा विरोधाभास आहे का? मला आधी वाटला होता. पण विचार केल्यावर वाटेना. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, ज्याला गावाबाहेर ठेवलं, ज्याचं नावसुद्धा दगड्या, धोंड्या असं मुद्दाम हलकं ठेवलं जाई, त्याला 'मी' सोडायला सांगणं ही क्रूर थट्टा झाली. जे कधी हातात दिलंच नाही ते सोडणार कसं? वस्त्राचा वास घालवायचा, तर आधी अंगावर वस्त्र तरी हवं.

मला वाटतं, या शब्दाची किल्ली इथेच आहे. अस्मिता ही हुमणातल्या मिठासारखी आहे. अजिबात नसेल तर घास घशाखाली उतरत नाही. जास्त पडली तर ताट बाजूला सारावं लागतं. ज्याला ती नाकारली गेली त्याला ती औषध, ज्याच्याकडे ती उतू चालली त्याला ती पतंजलीने सांगितलेला क्लेश. शब्द तोच, फक्त तो कुणाच्या तोंडी आहे हे पाहायचं.

आता आपल्या गोव्यात येऊ. 16 जानेवारी 1967ला आपल्याकडे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं? विलीनीकरणासाठी फूल, वेगळेपणासाठी दोन पानं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. अंतर 34,021. आज तो दिवस 'अस्मिताय दीस' म्हणून पाळला जातो. कोकणीने आपल्या सवयीने शब्दाच्या शेपटीला 'य' जोडला आणि शब्द आपलासा केला. मुलीचं नाव मात्र कोकणी घरातही अस्मिताच राहिलं, अस्मिताय कुणी ठेवलं नाही!

पण त्या दिवसाकडे नीट पाहिलं तर काय दिसतं? ज्यांनी फूल निवडलं तेही मराठी अस्मितेसाठीच मत देत होते. ज्यांनी पानं निवडली ते गोव्याच्या अस्मितेसाठी. एकाच वाड्यावर, कधी एकाच घरात, दोन अस्मिता समोरासमोर. विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमन्तक' मराठीतून लिहीत होता आणि विरोधात मडगावचा 'राष्ट्रमत'ही मराठीतूनच. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येत असे. कोकणीच्या बाजूची ती लढाई इतक्या ताकदीने मराठीत लढली गेली, हे आपण गोवेकर सोयीस्कर विसरतो. मग 1980च्या दशकातलं भाषा आंदोलन आलं. रस्ते अडले, माणसांचे बळी गेले. 4 फेब्रुवारी 1987ला राजभाषा कायदा संमत झाला. त्यात कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची तरतूद मिळाली. 30 मे 1987ला गोवा राज्य झालं. मनातली जखम मात्र दोन्ही बाजूंना अजून ओली आहे. मी मराठीत लिहितो, घरी कोकणी बोलतो, देवासमोर मराठीत आरती म्हणतो आणि मासळी बाजारात कोकणीत घासाघीस करतो. यातला खरा 'मी' कोणता असं कुणी दरडावून विचारलं की मला पतंजली आठवतो. भाषा हे पाहण्याचं साधन. पाहणारा मी. साधनालाच मी समजून बसलं की शेजाऱ्याचा चष्मा फोडावासा वाटतो.

चोर्ला घाट ओलांडून बेळगावला गेलं की तोच खेळ आणखी तिखट. 1 नोव्हेंबरला एका बाजूला कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला मराठी मंडळींचा काळा दिवस. 1956च्या राज्य पुनर्रचनेपासून हे चालू आहे. मराठी फलकावर शब्द असतो 'अस्मिता'. कन्नडमध्ये याच अर्थाने शब्द कोणता, ठाऊक आहे? 'अस्मिते'. भांडणारे दोघेही एकाच शब्दाची दोन टोकं धरून ओढताहेत.

जाता जाता एक गोव्याची गंमत. कोकणीत 'हांव' म्हणजे मी. मराठीत 'हाव' म्हणजे लोभ. दोन्ही शब्दांचं कूळ वेगळं आहे, 'हांव' हा तर 'अहम्'चा थेट वंशज. पण दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला हा योगायोग बोचल्याशिवाय राहत नाही. मी आणि माझी हाव यांच्यात अंतर ते केवढं? एका अनुस्वाराचं!

हे झालं समाजाचं. पण हा लेख मुलीच्या नावाबद्दल आहे, तेव्हा मुलीकडे परत वळायला हवं. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलण्याची रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं. सारस्वतांत, इतर अनेक ज्ञातींत हे अगदी कालपरवापर्यंत नेमाने होत होतं, अजूनही काही घरांत होतं. भटजी बोलावून, फोटो काढून, पेढे वाटून. माझ्या माहितीतल्या एका अस्मिताचं असंच झालं. वीस-बावीस वर्षं जिला सगळे 'मी आहे' या नावाने हाका मारत होते, तिचं नाव तांदळात मिटलं आणि तिथे भलतंच, सासरच्या देवीचं नाव उमटलं. 'मी आहे' पुसून टाकायला एक वाटी तांदूळ पुरले. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती हसतच होती. माहेरी आली की मात्र आईच्या तोंडून 'अस्मी' ऐकायला तिचे कान टवकारलेले असत, असं तीच पुढे सांगायची.

मला त्यावरून एक प्रश्न पडतो. 1960-70च्या दशकात मुलींना हे नाव देणाऱ्या आईबापांना त्याचा अर्थ खरोखर कळला होता का? बहुतेकांनी ते 'अभिमान' याच अर्थाने ठेवलं. कुळाचा अभिमान, भाषेचा अभिमान, राज्याचा अभिमान. मुलीने तो मिरवायचा, जपायचा, त्याला डाग लागू द्यायचा नाही. म्हणजे तिचं नाव अस्मिता, पण ती अस्मिता इतरांचीच! घराण्याची अब्रू जशी बाईच्या पदराला बांधायची, तशी समाजाची अस्मिता तिच्या नावाला बांधली. शब्दाचा मूळ अर्थ मात्र फार साधा आहे. त्यात कुळ नाही, भाषा नाही, प्रांत नाही. 'अस्मि'. मी आहे. एवढंच.

ती मात्र हा अर्थ शोधून काढतेच. वर सांगितलेली माझी भाची कॉलेजात असताना मला विचारू लागली, "मामा, माझ्या नावाचा अर्थ गर्व असा आहे का? वर्गात एक जण म्हणाला." मी तिला 'अस्मि' आणि 'ता' फोडून सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मी हजेरी देते तेव्हा 'प्रेझेंट' म्हणायची गरजच नाही. नाव पुकारलं की झालंच." पतंजलीवर इतकं सुटसुटीत भाष्य मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

तिचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं. तांदळाचं ताट आलं होतं. नवऱ्याने अंगठी घेऊन त्यात लिहिलं, अस्मिता. भटजी दोन क्षण थांबले आणि मग म्हणाले, "बरं, हेंच लिहिलां न्हय? जाता." आणि पुढचा विधी सुरू झाला.

अलीकडे पाळण्यांत अस्मिता कमी झाल्या आहेत. आता अनन्या, आराध्या, मायरा, कियारा यांचा जमाना आहे. काही घरांत मात्र आता नुसतं 'अस्मी' हेच नाव ठेवतात. शेवटचा 'ता' गळाला आणि मूळ क्रियापद उरलं. मला हे फार आवडतं. भाववाचक नामाचा फलक उतरला आणि मागे एक लहान मुलगी उभी आहे, जी फक्त 'मी आहे' असं म्हणते आहे. तिच्या खांद्यावर कुठलंही राज्य, कुठलीही भाषा, कुठलाही ध्वज नाही. तुमच्या घरात, शेजारीपाजारी अशी एखादी अस्मिता किंवा अस्मी असेल, तर तिला तिच्या नावाचा हा साधा अर्थ जरूर सांगा. क्लेशाचा भाग तिला पुढे आयुष्य शिकवीलच, त्याची घाई नको.